लंडनला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी

पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, जळगाव, सांगली येथील अनेक व्यापारी घरांतील मुलगा किंवा मुलगी आज लंडनमध्ये स्थिरावली आहे. शाळांना सुट्ट्या लागल्या की आई-वडिलांची तिकिटे निघतात. पहिल्या रविवारी मुलगा त्यांना टॉवर ब्रिज, बिग बेन आणि राजवाडा दाखवतो. दुसऱ्या रविवारी देरासराचे दर्शन होते. सोमवारी मुलगा-सून कामाला जातात आणि आई-वडील हॅरो किंवा वेम्बलीतील घराच्या खिडकीशी बसून संध्याकाळची वाट पाहतात. सहा आठवड्यांनी परत आल्यावर पेढीवर भेटणाऱ्यांना सांगण्यासारख्या दोनच गोष्टी त्यांच्याजवळ असतात : तिथली थंडी आणि तिथली स्वच्छता.

या प्रवासात शहर पाहायचे राहून जाते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की आई-वडील जो प्रश्न मनात घेऊन जातात तो तसाच परत येतो. नात नवकार म्हणते, पण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. तिची मुले नवकार म्हणतील का? त्यांच्या मुलांचे काय? मुलाला हे विचारण्याचा धीर होत नाही आणि विचारले तरी त्याच्यापाशी उत्तर नसते. हाच प्रश्न जैनांच्या कितीतरी आधी तेथे आलेल्या अनेक समाजांना पडला होता, आणि त्यांनी दिलेली निरनिराळी उत्तरे लंडनच्या रस्त्यांवर आजही पाहता येतात. तेथे तीस-चाळीस वर्षे राहिलेले जाणते यजमान आपल्या पाहुण्यांना हे शहर कसे दाखवतात, ते म्हणूनच समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम तयारी. सामानात पेढे, बर्फी वा तूप भरू नये. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे.  खाकरा, चिवडा, कोरडा मसाला यांची अडचण नसते. पाहुणा म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर सर्वसाधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहता येते; मात्र काम करता येत नाही, मग ते बिनपगारी का असेना. जन्मभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाला मुलाच्या दुकानात हात बांधून उभे राहणे जड जाते, पण तिथला गल्ला सांभाळणे हे नियमाबाहेरचे आहे. व्यापारी बैठकीला जाणे, सौदा ठरवणे, करारावर सही करणे यांस मुभा असते. रुग्णालयातील उपचारांचा खर्च पाहुण्याकडून वसूल केला जातो, तोही सरकारी दराच्या दीडपट. तेव्हा विमा न घेता निघणे ही काटकसर नव्हे.

शहरातील फिरणे सोपे आहे. लंडनच्या बसमध्ये २०१४पासून रोख पैसे घेत नाहीत. बँकेचे संपर्करहित कार्ड यंत्राला टेकवले की भाडे कापले जाते आणि दिवसभरात ठरावीक मर्यादेपलीकडे आकारणी होत नाही. भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूस उभे राहावे आणि डावी बाजू घाईतल्या माणसांसाठी मोकळी सोडावी. रांग मोडणे हा तेथे मोठाच असभ्यपणा समजला जातो.

आहाराच्या बाबतीत दोन गोष्टी मुळातच समजून घ्याव्या लागतात. तेथील ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात अंडे बसते; ‘व्हीगन’ या शब्दात अंडे, दूध आणि मधही बसत नाही. त्यामुळे बाहेर खाताना जैन कुटुंबांना दुसरा शब्द अधिक उपयोगी पडतो. वेष्टनावर ॲलर्जी आणणारे १४ प्रकारचे घटक ठळक अक्षरांत छापण्याचा कायदा आहे. त्यांत अंडे आणि मासे येतात. कांदा-लसूण येत नाहीत. ते शोधण्यासाठी बारीक अक्षरांतील पूर्ण यादीच वाचावी लागते. मऊ गोळ्यांतील जिलेटिन आणि काही चीजमधील प्राणिज रेनेट यांकडेही लक्ष हवे.

दुसरी गोष्ट सूर्याची. २१ जूनच्या सुमारास लंडनमध्ये सूर्य पहाटे पावणेपाचच्या आत उगवतो आणि रात्री सव्वानऊनंतर मावळतो. उन्हाळ्यात गेलेल्या सासूबाईंना वाटते, इथे चौविहार किती सोपा! डिसेंबरात मात्र सूर्य सकाळी आठनंतर उगवून दुपारी चारच्या आत मावळतो. तेव्हा नोकरी करणाऱ्या सुनेला चौविहार पाळायचा तर साडेतीनला ऑफिसच्या टेबलावर डबा उघडावा लागतो, आणि शाळेतून परतलेले मूल दारात पाऊल टाकते तेव्हा अंधार पडलेला असतो. जून महिन्यात पाहिलेल्या घरावरून डिसेंबरातल्या घराची परीक्षा करू नये, एवढे या एका गोष्टीवरून ध्यानी यावे.

शहरदर्शनाची सुरुवात टॉवर ब्रिजपासून करण्याऐवजी, मुलाने कामाच्या दिवशी एखादी रजा काढून ‘बँक’ नावाच्या स्थानकापासून करावी. तेथून पूर्वेकडे ब्रिक लेनपर्यंतचे अंतर दीड मैलाच्या आतबाहेर आहे. एवढ्या चालण्यात सातशे वर्षांचा व्यापार डोळ्यांसमोरून जातो.

स्थानकाबाहेर पडताच लोंबार्ड स्ट्रीट लागतो. उत्तर इटलीतील लोंबार्डी प्रांतावरून या रस्त्याचे नाव पडले. इंग्लंडच्या राजाने १२९० साली ज्यूंना देशाबाहेर घालवले, आणि सावकारीच्या पेशात इटालियन पेढ्यांचे वजन वाढले. समोर रॉयल एक्स्चेंजची इमारत आहे. थॉमस ग्रेशॅम या व्यापाऱ्याने अँटवर्पच्या सट्टाबाजाराचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून ही संस्था उभारली आणि १५७१ साली राणी पहिली एलिझाबेथ हिने तिचे उद्घाटन केले. आजची इमारत तिसरी, १८४४ची. शेजारी बँक ऑफ इंग्लंड. १६९४ साली स्थापन झालेल्या या बँकेचा पहिला गव्हर्नर जॉन हूब्लॉन याचे पूर्वज धर्मछळामुळे फ्लँडर्समधून पळून आलेले होते. इंग्रजांच्या मध्यवर्ती बँकेची पहिली गादी अशा निर्वासितांच्या वंशजाने सांभाळली, ही गोष्ट व्यापारी समाजाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. बँकेच्या संग्रहालयाला तिकीट नाही. तेथे सुमारे १३ किलोची सोन्याची वीट हाताने उचलून पाहता येते. नातवंडांना हे फार आवडते.

पुढे लेडनहॉल स्ट्रीटवर लॉइड्स ही विमा-व्यवसायाची लोखंडी नळ्यांनी वेढलेली इमारत दिसते. तिच्या जागी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य कार्यालय होते. साताऱ्याचे राज्य खालसा करण्यासंबंधीचे कागद याच जागी आले-गेले. पाच-दहा मिनिटांवर बेव्हिस मार्क्सचे सिनेगॉग आहे. हद्दपारीनंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी, १६५६च्या सुमारास, ज्यूंना परत येऊ दिले गेले. १७०१ साली त्यांनी हे प्रार्थनास्थळ बांधले आणि तेव्हापासून तेथे अखंड उपासना चालू आहे. शब्बाथमुळे शनिवारी ते पाहायला मिळत नाही. आत जाताना पुरुषांनी डोके झाकायचे असते.

येथून ऑल्डगेट ओलांडले की ईस्ट एंड सुरू होतो आणि ब्रिक लेन येते. या गल्लीतील ५९ क्रमांकाची वास्तू पाहिल्याशिवाय लंडन पाहिले, असे म्हणू नये. ती १७४३ साली ह्युगेनॉट लोकांनी, म्हणजे फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंटांनी, चर्च म्हणून बांधली. १८१९ साली ते मेथॉडिस्ट पंथाचे प्रार्थनागृह झाले. १८९८ साली तेथे सिनेगॉग आले. १९७६पासून तेथे मशीद आहे. भिंतीवर १७४३ची छायाघडी अजून शाबूत आहे आणि तिच्यावर, माणूस म्हणजे सावली, अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरलेले आहेत. अनित्य भावनेचे चिंतन करणाऱ्या श्रावकाला त्या घडीखाली उभे राहून वेगळे विवेचन ऐकावे लागत नाही.

त्या वास्तूत उपासना करणाऱ्यांचा धर्म बदलत गेला, पण आसपासचा धंदा बराच काळ कापडाचाच राहिला. ह्युगेनॉट रेशीम विणत. शेजारच्या फोर्निए स्ट्रीटवरील घरांच्या माळ्यांना रुंद खिडक्या आहेत, त्या मागावर उजेड पडावा म्हणून. १८८१नंतर रशियातील अत्याचारांना कंटाळून आलेले ज्यू शिंपीकाम करू लागले. त्यांच्यानंतर सिल्हेटहून आलेले बंगाली तयार कपड्यांच्या आणि कातडी जाकिटांच्या कारखान्यांत शिरले, नंतर खाणावळींकडे वळले. कापडाच्या पेढीवर वाढलेल्या माणसाला ही गल्ली समजायला दुभाषी लागू नये.

हे सारे सलोख्यानेच घडले, असे पाहुण्याला सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. जवळच्या केबल स्ट्रीटवर ४ ऑक्टोबर १९३६ रोजी मोस्लीच्या फॅसिस्टांचा मोर्चा ज्यू, आयरिश गोदी कामगार आणि इतर रहिवासी यांनी मिळून अडवला होता. ४ मे १९७८ रोजी अलताब अली या तरुण बंगाली कामगाराचा कामावरून घरी परतताना वर्णद्वेषातून खून झाला; जेथे तो घडला त्या परिसरातील उद्यानाला १९९८ साली त्याचे नाव देण्यात आले. आज त्या हिरवळीवर मुले खेळतात. आजोबांनी नातवंडांना हे नाव वाचून दाखवावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. ह्युगेनॉट ४० ते ५० हजारांच्या संख्येने इंग्लंडला आले. त्यांची चर्चे होती, भाषा होती, हुन्नर होता, पैसाही आला. आज लंडनमध्ये ह्युगेनॉट वस्ती म्हणून कोठेही बोट दाखवता येत नाही. काही पिढ्यांत ते इंग्रजांत विरघळले. कोर्टॉल्डसारखी आडनावे आणि माळ्यांच्या त्या खिडक्या तेवढ्या उरल्या. धर्म शेजाऱ्यांच्या जवळचा, लग्ने झाली, मुलांना फ्रेंच प्रवचन कळेनासे झाले, चर्चमधील गर्दी ओसरली आणि वास्तू विकली गेली. कोणी सक्ती केली नव्हती. प्रत्येक पिढीने थोडेथोडे सोडले.

त्याच गल्लीत नंतर आलेल्या ज्यूंनीही वस्ती सोडली. पण समाज सोडला नाही. हे पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी वायव्येकडील गोल्डर्स ग्रीनला जावे. तेथे कोशर दुकाने आहेत, ज्यू शाळा आहेत, आणि लक्ष देऊन पाहिले तर काही रस्त्यांवर उंच खांब आणि त्यांच्यामध्ये ताणलेली बारीक तार दिसते. शब्बाथच्या दिवशी घराबाहेर वस्तू उचलून न्यायची नाही, असा कडक ज्यूंचा नियम. त्यामुळे तान्ह्या मुलाची गाडी ढकलत सिनेगॉगला जाणेही आईला अशक्य होई. तारेने आखलेला प्रदेश धर्मशास्त्रानुसार एका घरासारखा मानला जातो; त्याला एरुव म्हणतात. परवानगीसाठी दहा वर्षांहून अधिक काळ वाद चालला, खुद्द काही ज्यूंनीही विरोध केला, आणि अखेर २००३ साली एरुव अस्तित्वात आला. नियम मोडला नाही, नियमाच्या ओझ्याखाली तरुण आईला घरी बसवलेही नाही. शेजाऱ्यांशी आणि नगरपालिकेशी बोलून मार्ग काढला. जैन समाजाने यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

तेथून वेम्बलीच्या इलिंग रोडवर यावे. साड्यांची आणि दागिन्यांची दुकाने, भाजीचे ठेले, नक्षीदार दगडी सनातन मंदिर आणि जुन्या चर्चच्या इमारतीत भरणारी मशीद एकाच रस्त्यावर आहेत. येथे गुजराती ऐकू येते, आणि त्या गुजरातीत अधूनमधून स्वाहिली शब्द येतात; कारण येथील अनेक कुटुंबे थेट भारतातून आलेली नाहीत. जामनगरकडच्या हालारातून ओसवाल कुटुंबे केनियात गेली, दुकाने थाटली, दोन-तीन पिढ्या रुजली आणि केनिया स्वतंत्र झाल्यावर पुन्हा निघाली. १९६८ साली ब्रिटनने कायदा करून केनियातील आपल्याच पारपत्रधारकांवर निर्बंध घातले. ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास फर्मावले आणि सुमारे २८ हजार माणसे ब्रिटनमध्ये आली. जन्मभर दुसऱ्याला पगार देणाऱ्यांनी कारखान्यात पाळीने काम केले, बायका शिवणयंत्रावर बसल्या. पुढे कोपऱ्यावरचे वर्तमानपत्राचे दुकान, औषधाचे दुकान, हिशेबनिसाचे कार्यालय अशी चढण चढली गेली. आज मुलगा ज्या सुखसोयी गृहीत धरतो त्यांची किंमत या पिढीने आधीच चुकती केलेली आहे. पाहुण्या आई-वडिलांनी अशा एखाद्या वृद्ध शेजाऱ्याशी अर्धा तास बोलावे. सबंध प्रवासात याहून मोलाचे काही मिळणार नाही.

लंडनच्या उत्तर सीमेबाहेर पॉटर्स बार येथे ओसवाल समाजाचे विस्तीर्ण केंद्र आहे. तेथील शिखरबंद देरासराची प्रतिष्ठा २००५ साली झाली. दर्शन तर घ्यावेच. पण रविवारी पाठशाळा भरत असेल तर मागच्या बाकावर बसून ती पाहावी. शिकवणे इंग्रजीत चालते. हे ऐकून पुष्कळ आजोबांचे मन खट्टू होते. पण फ्रेंच प्रवचनाचा हट्ट धरणाऱ्या चर्चचे काय झाले, हे त्यांनी आदल्याच दिवशी पाहिलेले असते. ज्या ठिकाणी पादविहारी साधु-साध्वी पोहोचू शकत नाहीत, चातुर्मास होत नाहीत, तेथे प्रवचनाची जबाबदारी गृहस्थांवरच येते. तेरापंथाने १९८० साली सुरू केलेल्या समण श्रेणीतील समणी प्रवास करून जातात. बाकी स्वाध्याय, प्रतिक्रमण, पर्युषणातील वाचन हे सारे आई, काका, शेजारीण यांनी वर्षानुवर्षे चालवलेले आहे. भारतात उपाश्रय शेजारी असूनही वर्षाकाठी दोनदा पायरी चढणाऱ्यांनी तेथील मुलांना नावे ठेवण्याआधी थोडे थांबावे.

ग्रंथांची व्यवस्थाही तेथे आहे. ब्रिटिश लायब्ररीतील जैन हस्तलिखितांची तीन खंडांची सूची २००६ साली प्रसिद्ध झाली. मराठीचा ओलावा हवा असेल त्यांच्यासाठी १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे, आणि किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे, विद्यार्थिदशेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले आहे. कोट्यधीशांच्या बंगल्यांपेक्षा हे घर नातवंडांना दाखवणे अधिक उचित.

२०२१च्या जनगणनेत लंडनची लोकसंख्या सुमारे ८८ लाख भरली. त्यातील दर दहांपैकी चार माणसे ब्रिटनबाहेर जन्मलेली होती. अशा शहरात पाहुण्याने कसे वागावे, हे जैन घरात वेगळे शिकवण्याची गरज पडू नये. वस्तूला अनेक बाजू असतात हे अनेकांताचे सूत्र जेथे पाठ करून घेतले जाते, तेथे बसमधील शेजाऱ्याच्या पेहरावाकडे टक लावून पाहणे किंवा त्याला भाषा कळत नाही असे समजून शेरा मारणे शोभत नाही. नातवंडांना मात्र ती भाषा कळते. आजोबांच्या तोंडचा असा एक शेरा वर्षभराच्या पाठशाळेवर पाणी फिरवतो. कारण वर्गात त्यांच्या शेजारी बसणारी मुले याच लोकांची असतात.

ह्युगेनॉट मिसळले आणि नाहीसे झाले. ज्यू मिसळले आणि राहिले. दोघांनीही दुकानाचे दार सर्वांना उघडे ठेवले होते. फरक घरातल्या नियमात, मुलांच्या शिक्षणात आणि संस्थांवर खर्च केलेल्या वेळात होता. नातवंडे कोणत्या वाटेने जातील, हे आई-वडिलांच्या हाती नाही. त्यांच्या हाती सहा आठवडे आहेत. खिडकीशी बसून ते घालवण्यापेक्षा नातीला शेजारी घेऊन सूर्यास्तापूर्वी जेवावे, तिने इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत शांतपणे उत्तर द्यावे, आणि रविवारी तिच्याबरोबर ब्रिक लेनवरील छायाघडी पाहून यावी.